किती कोर पुरतील

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्याला लागून
माझं दुकान. केबल, शाई, फुटक्या काचांचे फोन,
आणि मागच्या फळीवर सील न फोडलेले
दोन प्रोसेसर: एक सोळा कोरचा, एक आठ.

सुनवर आली. गुडघ्यापर्यंत बूट, कोटावर मीठ.
म्हणाली, "जड हिशेब आहेत. कुठला घेऊ?"
मी नेहमीचं विचारलं, "मोजायचं काय?"
म्हणाली, "उवा."

माझा हात आपोआप डोक्याकडे गेला.
"माशांच्या," ती म्हणाली. हसली नाही.

पिंजऱ्यात सॅमन वाढतो, सॅमनवर उवा वाढतात,
त्यांची पिल्लं सुटतात, वाहत जातात.
कुठून सुटली नि कुठे लागली
हे तिला काढायचं होतं, मिनिटामिनिटाला,
बेटांमधल्या एकेका चिंचोळ्या पाण्यासाठी, अख्खा हिवाळा.

मी सोळाचा डबा पुढे सरकवला.
मोठा आकडा स्वतःच बोलतो,
दुकानदाराला घसा कोरडा करावा लागत नाही.

तिनं डब्याला हात लावला नाही.
"उवांचं ठीक आहे. एक ऊ दुसरीसाठी थांबत नाही.
सोळा जणांत वाटून दे, कुणाची तक्रार नाही.
पाणी तसं नसतं.
इथलं पाणी शेजारच्या पाण्याला विचारल्याशिवाय हलत नाही,
आत्ताचं पाणी मघाच्या पाण्याला.
एकाचं उत्तर येईस्तोवर
पंधरा जण हाताची घडी घालून उभे.
आणि सगळेच एकदम मेमरीकडे धावले तर?
दारं दोनच आहेत."

वीस वर्षं मी हे डबे विकतोय.
दारं कधी मोजली नव्हती.

ठरलं: दोन्ही जोडून बघायचे, एक रात्र.
सील फोडलं म्हणजे नुकसान माझं, तरी फोडलं.
पेनड्राइव्ह ठेवून ती गेली, मी शटर ओढलं,
दोन यंत्रं शेजारी शेजारी, दोघांना एकच हिवाळा.
पंखे घुमू लागले. अर्ध्या तासात मी शेगडी बंद केली
आणि ओले मोजे सोळाच्या मागे वाळत घातले.

आठ मागे पडला, पण लाज वाटावी इतका नाही.
कोर दुप्पट, किंमत दुप्पट,
वेग पहाटेपर्यंत जेमतेम सव्वापट.

पण मी घड्याळाकडे बघत कुठे होतो.
पडद्यावर ठिपके होते.
पिंजऱ्यांना तिनं नावं दिली नव्हती, नुसते क्रमांक.
चार नंबर कुणाचा हे मला कुणी सांगायला नको:
टोर्किलचा, माझ्या पाठच्या भावाचा,
माझेही चार पैसे आहेत त्यात.
चारमधून ठिपके सुटत,
भरतीबरोबर पुढे, ओहोटीबरोबर थोडे मागे,
परत पुढे, काठाला घासत,
आणि जानेवारी सरताना गोळा होत
ओढ्याच्या तोंडाशी, जिथून रानटी ट्राउट समुद्रात उतरतो.
सोळावर थोडे आधी. आठवर थोडे नंतर.
तिथेच.

गावात म्हणतात, सुनवर आम्हाला पाण्यात पाहते.
ती खरंच पाण्यात पाहत होती.
आम्ही तिथे होतो, त्याला ती काय करणार.

सकाळी तिनं विचारलं, "आठ पुरेल?
मार्चमध्ये परवान्यांची बैठक आहे."

काउंटरखाली एक जुना चार कोरचा पडून होता,
अर्ध्या किमतीत. गोड बोलून गळ्यात मारता आला असता.
त्याचं उत्तर यायला मे उजाडला असता.
माझा पाय त्या खोक्याला लागत होता.

"पुरेल," मी म्हणालो. "उरलेल्या पैशांत मेमरी घे,
स्वतःची चूक स्वतः पकडणारी. आणि पंखा चांगला घे,
रात्ररात्र चालवणार तू."

तिनं पैसे मोजले. मी पावती फाडली,
दोन वर्षांची वॉरंटी, खाली सही.
दारातून ती वळली, "पडद्यावर काही दिसलं?"

"तुझे ठिपके," मी म्हणालो,
आणि सोळाच्या मागून मोजे काढले.
वाळून कडक झाले होते, अजून गरम.